शेवटची बोली

९ फेब्रुवारी

लेका,

फोनवर तू "बरं, ठेवतो" म्हणतोस आणि ठेवतोस. पत्र ठेवून दिलंस तरी ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील, म्हणून हा खटाटोप. उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. वाच म्हणजे झालं.

घरी सगळं ठीक. माझं शिवणाचं दुकान चालू आहे. लोक अजून जाड होतात, बारीक होतात आणि कपडे उसवून घ्यायला माझ्याकडेच येतात. बाबांचा घसा जरा बसलाय. फळबाजारात रोज उठून लिलाव पुकारायचा म्हणजे बसणारच. त्यात विशेष काही नाही.

तुझ्या बायकोबद्दल लिहू का? तू नको म्हणशील, म्हणून लिहितेच.

तू नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेलास आणि ती दवाखाना सोडून तुझ्यामागे आली नाही, यावरून या घरात जे झालं ते मला पाठ आहे. तू विचारलंस, "तुम्हाला मुलगा हवा की सून?" आणि बाबा म्हणाले, "जो घरात आहे तो." लिलाववाल्याची जीभ ती. एकदा बोली तोंडातून गेली की परत घ्यायची सवय नाही. तेव्हापासून तुम्ही बापलेक एकमेकांशी बोलत नाही, आणि मी मधल्या मध्ये टपालखातं झालेय.

ती आपल्या वरच्या खोलीतच राहते. "सून म्हणून नाही, भाडेकरू म्हणून राहीन," असं पहिल्याच दिवशी म्हणाली. भाडं देते आणि वर पावती मागते. मी कोटाच्या मापाच्या चिठ्ठीमागे पावती लिहून दिली, तर म्हणते, "आई, तारीख राहिली." बाबा तिला मास्तरीण म्हणतात. दवाखान्यात ती मोठ्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवते, "आ म्हणा, ऊ म्हणा" करत, म्हणून. मीही आता तेच म्हणते. सून म्हटलं तर ती अवघडते, आणि तिचं नाव घेतलं की तू अवघडतोस.

तिच्याकडे एक बाई आली होती. घशाच्या आजारात त्या बाईचं स्वरयंत्रच काढून टाकलेलं. बोलणं कायमचं बंद. घरी लहान मुलगी. ती पोर आईच्याच फोनवर फोन लावायची आणि उचलू नको म्हणायची. का, तर कुणी उचलला नाही की आईच्या आवाजात ऐकू यायचं, "मी आत्ता फोन घेऊ शकत नाही, नंतर करते." आईचा तेवढाच आवाज शिल्लक होता जगात.

मास्तरीण त्या दिवशी घरी आली ती माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून राहिली. मग म्हणाली, "आई, ऑपरेशनच्या आधी चार दिवस मिळतात हो माणसाला. कुणी नीट बसवून त्यांचा आवाज भरून घेतला असता तर?"

तर आता तिनं तेच डोक्यात घेतलंय. एक ॲप. ऑपरेशनच्या आधी माणसानं घरबसल्या फोनमध्ये आपल्या आवाजात वाक्यं बोलून ठेवायची. नंतर ज्या वाक्यावर बोट ठेवेल ते त्याच्याच आवाजात वाजणार. रुग्णांना फुकट. तिच्या दवाखान्यातला एक संगणकवाला तयार झालाय. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड, पण काम बारीक. अडलंय फक्त पैशापाशी.

जेवत जा वेळेवर.

आई


६ मार्च

लेका,

उत्तर नाही, ठीक आहे. पत्र परतही आलं नाही, यात मी खूश.

पैसे मागणं किती अवघड असतं हे मला या महिन्यात कळलं. उधार मागणं सोपं. लाज सोडली की झालं. हिला लाज, कायदा आणि पैसा तिन्ही एकाच पिशवीत हवेत. आधी तिनं संस्था नोंदवली. मग वकीलबाई गाठल्या. त्या माझ्या जुन्या गिऱ्हाईक, काळ्या कोटाचं अस्तर दरवर्षी माझ्याकडेच बदलतात. त्यांनी फी घेतली नाही, पण करार असा बांधून दिला की मुंगी शिरणार नाही. संस्थेचं बँकेत वेगळं खातं. त्यातून चहाचेसुद्धा पैसे निघत नाहीत. चहा माझ्याकडून जातो.

मी म्हटलं, "अगं, चार ओळखीच्या लोकांकडून देणगी घे आणि मोकळी हो."

"देणगी वेगळी, आई. देणगी म्हणजे दिलं आणि विसरले. मला प्रायोजक हवेत. ते पैसे देणार, बदल्यात त्यांचं नाव ॲपवर दिसणार. दोन्हीचे कायदे वेगळे, कर वेगळा. प्रायोजकाला देणगीदार म्हटलं तर ती लबाडी झाली."

"आणि नुसतं नाव दिसण्यासाठी कोण देईल?"

"बघू की."

बघितलं. मी तिच्याबरोबर चार ठिकाणी गेले, कारण एकट्या बाईला लोक बसवून ठेवतात. बरोबर म्हातारी असली की निदान पाणी तरी विचारतात. एका कंपनीत साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी या." दुसरीकडे एक तरुण साहेब म्हणाला, "पैसे देतो, पण या लोकांचे आवाज आम्हाला वापरायला मिळतील का? फोनवर गिऱ्हाइकांना उत्तरं देणारं आमचं यंत्र आहे, त्याला बोलायला शिकवायला." मास्तरीण म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "नावं गाळून?" ती म्हणाली, "आवाज म्हणजेच नाव असतं," आणि आम्ही उठलो. जिन्यात मी तिला म्हटलं, जरा गोड बोलून नाही म्हणायचं होतंस. तर म्हणते, "गोडच बोलले. मनात होतं ते बोललेच नाही."

कर्णयंत्रं बनवणारी एक छोटी कंपनी मात्र थोडे पैसे द्यायला तयार झाली. बाकी तुमचं जमलं तर उरलेल्याचंही बघू, म्हणाले. म्हणजे पोहता आलं तर दोर टाकू.

मग तुझा मामा आला. त्याला असल्या गोष्टींचा वास येतो. त्याचा एक ठेकेदार दोस्त सगळी रक्कम रोख द्यायला तयार. "पावती नको, नाव नको, काही नको. पुण्याचं काम आहे."

मास्तरीण म्हणाली, "मामा, नाव नको असेल तर हरकत नाही. पण पावती घ्यावीच लागेल. पैसे बँकेतूनच यावे लागतील."

"अगं, तो मोठा माणूस आहे. त्याला कशाला कागदात गुंतवतेस?"

"मोठ्या माणसाला कागदाची भीती का वाटावी?"

मामा माझ्याकडे बघायला लागला. खरं सांगते, मला तिचा राग आला होता. दारात चालत आलेली लक्ष्मी ही पावतीपुस्तक दाखवून हाकलतेय! मामा गेल्यावर मी तिला तसं बोललेही. ती म्हणाली, "आई, हे लोक माझ्याकडे आपला आवाज ठेवून जाणार आहेत. त्यांच्याकडे उरलेली शेवटची वस्तू. ती ज्या घरात ठेवायची त्या घराचा पाया चोरीच्या विटांचा कसा चालेल?"

मी गप्प बसले. मला गप्प बसवणारी माणसं या जगात दोनच, आणि दुसरा तू. पण तू फोन ठेवून गप्प बसवतोस.

बाबांचा घसा अजून तसाच. मास्तरीण त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. तपासण्या चालू आहेत. काळजीचं कारण नाही.

आई


२७ मार्च

लेका,

काळजीचं कारण आहे. होतंच. मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण हात चालेना.

बाबांच्या स्वरयंत्राला गाठ आहे, वाईट. ती आधी ऐकली मास्तरणीनं. जेवताना बाबा बाजारातली काहीतरी गंमत सांगत होते आणि हिचा घास हातातच राहिला. म्हणाली, "बाबा, एकदा लांब 'आ' म्हणा." ते म्हणाले, "मी काय तुझा पेशंट आहे?" "म्हणा तर." म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना मोठ्या डॉक्टरांपुढे घेऊन बसली होती. वेळेत आणलंत म्हणाले डॉक्टर. जीव वाचेल, आवाज नाही. एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन.

बाबांनी आयुष्यभर सिगारेटी ओढल्या. सोडल्या तेव्हा फार उशीर झाला होता. तुला कळवू नको म्हणाले. "त्याला दयेपोटी यायला लावू नकोस." मी कळवतेय. माझं टपालखातं, माझे नियम.

आता खरी गोष्ट ऐक. मागच्या सोमवारी एक टायवाला गृहस्थ घरी आला. कुठल्याशा आरोग्यसेवा प्रतिष्ठानाचा. इतकं गोड नाव की ऐकूनच बरं वाटावं. म्हणाला, तुमच्या कामाबद्दल ऐकलं, सगळा खर्च आम्ही उचलतो. बँकेतून देऊ, पावती घेऊ, करारावर सही करू. रुग्णांच्या आवाजाला हात लावणार नाही. फक्त ॲप उघडताना पहिल्या पानावर आमचं नाव. एवढंच.

त्याच आठवड्यात संगणकवाल्याला दुसरीकडून चांगल्या नोकरीचं बोलावणं आलेलं. महिनाभर थांबतो, त्यापुढे घर चालणार नाही, असं त्यानं हात जोडून सांगितलेलं. मला वाटलं, देव पावला. मी टायवाल्याला दोनदा चहा दिला.

मास्तरीण म्हणाली, "विचार करून सांगते." तो गेल्यावर तिनं त्या प्रतिष्ठानाची माहिती काढली. त्याचा पत्ता आणि सिगारेटच्या कारखान्याच्या मुख्य कचेरीचा पत्ता एकच. विश्वस्त तेच, मालक तेच. वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सिगारेटच्या कंपनीला असं प्रायोजक म्हणून मिरवायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून हे सोज्वळ नाव पुढे केलंय. वर म्हणाल्या, "पकडलं जाण्याची शक्यता कमी. पण तू मला कायदा विचारलास, शक्यता नाही."

मी काय केलं ते सांगते. मी तिच्यापुढे पदर पसरला. म्हटलं, "घे ते पैसे. कारखान्याचे असोत नाहीतर सैतानाचे. ह्यांचा आवाज जायच्या आत ते ॲप होऊ दे. नंतर काढून टाक त्यांचं नाव."

ती माझ्याजवळ जमिनीवर बसली. म्हणाली, "आई, बाबांचा आवाज मी उद्यापासून दवाखान्यात भरून घेते. त्याला ॲप लागत नाही, मी पुरेशी आहे. ॲप पुढच्या लोकांसाठी आहे. उद्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणीतरी घाबरलेला माणूस ते उघडणार, आणि ज्यांनी त्याचा घसा नेला त्यांचंच नाव त्याला पहिल्यांदा दिसणार. हे माझ्याच्यानं होणार नाही. ॲप झालं नाही तरी चालेल."

बाबा दारात उभे होते. आम्हाला माहीत नव्हतं. त्यांचा आवाज आता कागद फाडल्यासारखा येतो. म्हणाले, "एवढी वर्षं त्या लोकांना माझा पैसा दिला. आता त्यांचा घेतला तर हिशेब मिटला असं त्यांना वाटेल. मिटायला नको."

मग स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "मास्तरीण, तुझ्या त्या ॲपमध्ये पानं किती?"

"पानं?"

"म्हणजे वाक्यांचे गठ्ठे. घरातलं बोलणं वेगळं, दुकानातलं वेगळं, असं काही केलंयस ना?"

"हो, दहा-बारा विभाग आहेत."

"प्रत्येक पानाला वेगळा प्रायोजक चालेल कायद्याला?"

"चालेल. का?"

"माल दहा-बारा नग," बाबा म्हणाले, "बाजार माझा आणि आवाज अजून महिनाभर आहे. लिलाव करू."

आई


१९ एप्रिल

लेका,

तू फोन केलास. मी "हॅलो" म्हटलं आणि तू काहीच बोलला नाहीस, पण श्वास ऐकला मी. आईला श्वास पुरतो. पत्र मिळालं, एवढं कळलं.

काल लिलाव झाला. तू असायला हवा होतास. आता मी जमेल तसं सांगते.

मास्तरणीनं बाजार समितीची लेखी परवानगी काढली. समितीचे सचिव म्हणाले, बाबांसाठी परवानगी कसली मागता, या आणि करा. ती म्हणाली, "लेखीच द्या." वकीलबाई करारांच्या प्रती घेऊन हजर. फळांचा लिलाव उरकल्यावर तासभर ओटा मोकळा मिळाला. सगळीकडे सफरचंदांच्या पेट्या, संत्र्यांचा वास, ओलं गवत. मी ओट्याच्या पायरीवर बसले. संगणकवाला फळाच्या पेटीवर उभा राहून भिंतीवर ॲपची पानं दाखवत होता. एकदा पेटीतून पाय आत गेला, पण भिंतीवरचं पान हललं नाही.

आधी मास्तरीण बोलली. "ही देणगी नाही. पुण्य मिळेल असं मी सांगत नाही. जो जे पान घेईल त्याचं नाव त्या पानाच्या तळाशी तीन वर्षं राहील. रुग्णांचे आवाज कुणालाही ऐकायला मिळणार नाहीत, विकत मिळणार नाहीत. पैसे बँकेतून, करार सहीचा, पावती आजच. तंबाखू, दारू विकणाऱ्यांनी बोली लावू नये. खर्च कशावर झाला ते कुणीही येऊन बघावं. आणि ॲप चालेलच अशी हमी..."

"मास्तरीण," बाबा मागून म्हणाले, "पुरे. माल दाखव."

सगळा बाजार हसला.

बाबा ओट्यावर चढले. आधी खोकले, पाणी प्यायले. मला वाटलं, आवाज फुटतोय की नाही. आणि मग काय सांगू तुला! फाटकाच होता, पण पार फाटकापर्यंत पोचला.

"पहिलं पान! दवाखान्यातलं! 'दुखतंय', 'इथं नाही, तिथं', 'डॉक्टर, खरं सांगा!' हे पान मी स्वतः वापरणार आहे, नवं कोरं आहे! बोला!"

तोपर्यंत बाजारात कुणालाच त्यांच्या आजाराचं माहीत नव्हतं. ते असे एका वाक्यात सांगून मोकळे झाले. मग संत्रीवाले शेठ घसा खाकरून म्हणाले, "पाचशे." बाबा म्हणाले, "शेठ, एवढ्यात तुमच्या संत्र्याची साल येत नाही." शेठनी थेट चार हजार केले. मग सुरू झालं.

खरी धमाल झाली ती नवरा-बायकोच्या पानाला. "यात काय काय आहे? 'मी सांगितलं होतं की नाही', 'तुझ्या आईला सांग', 'चहा करतेस का', 'राहू दे, मीच करतो!' बिनभांडणाचा संसार म्हणजे बिनगराचं फळ! बोला!" द्राक्षवाल्या शेठची बायको मागून ओरडली, "अहो घ्या की, तुम्हाला चहाचं वाक्य तरी पाठ होईल!" त्यांनी घेतलं. घ्यावंच लागलं.

एका व्यापाऱ्यानं बाजाराचं पान जिंकलं आणि वकीलबाईंच्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, रोख देतो, बँकेचं राहू दे. मास्तरणीनं नम्रपणे करार मागे घेतला. पान दुसऱ्या बोलीवाल्याला गेलं. त्या व्यापाऱ्याचं तोंड उतरलं, पण बाबा ओट्यावरून म्हणाले, "शेठ, रागावू नका. ही माझ्याकडून पण भाड्याची पावती फाडून घेते."

शेवटी मुलांचं पान राहिलं. आईबापांनी मुलांशी बोलायचं. ते पान त्या फोनवाल्या पोरीमुळेच सुचलेलं. बाबांनी वाक्यं वाचली. "ये इकडे." "पडलास का? बघू." "शाब्बास." "झोप आता." एवढंच वाचलं, गंमत काही केली नाही.

सफरचंदवाली बाई तुला आठवते? पैशाला जपणारी? तिनं बोली लावली. कुणी वर गेलं, ती आणखी वर. मग दोघंतिघं थांबले तरी ही आपली आकडा वाढवतेच आहे. बाबा म्हणाले, "बाई, थांबा. आता तुमच्यावर तुम्हीच चढताय. मागचाच आकडा धरतो." बघ हं, आपल्याच सुनेचं काम, पैशाची एवढी गरज, तरी चढलेला आकडा त्यांनी खाली आणला. मी मास्तरणीकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. ती बाबांकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. हे दोघं एकाच मातीचे आहेत रे. तू कुणावर गेलास कोण जाणे. बहुतेक माझ्यावर.

बाबांनी हात वर केला. "एक वार... दोन वार..."

आणि आवाज गेला. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या, पण बाहेर काहीच येईना. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा.

समोरच्या ओट्यावर ते दुसरे लिलाववाले उभे होते. बाबांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. गिऱ्हाइकांच्या ओढाओढीवरून दोघांचं कधी पटलं नाही. ते टोपी काढून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे ओरडले, "तीन वार! सफरचंदवाल्या बाईंना! पुकार माझा नाही, त्यांचाच!" आणि बाबांकडे बघून हात जोडले.

बाबांनी वर केलेला हात खाली आणला आणि लिलाव संपला.

आई


१४ मे

लेका,

ऑपरेशन झालं. सगळी गाठ निघाली असं डॉक्टर म्हणतात. मानेत श्वासासाठी भोक आहे, त्यावर रुमाल बांधतात. पहिले दोन दिवस त्यांनी पाटीवर लिहून माझ्या कपाळावरच्या आठ्या मोजल्या. म्हणजे डोकं ठिकाणावर आहे.

लिलावातून सगळा खर्च निघाला नाही, पण संगणकवाला थांबण्याएवढे पैसे आले. मग कर्णयंत्राच्या कंपनीचे साहेब स्वतः आले, लिलावाचे कागद बघितले आणि म्हणाले, "आमच्या कंपनीचे हिशेबसुद्धा एवढे स्वच्छ नसतात." उरलेल्या खर्चाच्या करारावर सही करून गेले.

आता तुझं. तू माझ्या खात्यावर मोठी रक्कम पाठवलीस आणि खाली लिहिलंस, "ॲपसाठी, माझं नाव नको." मला रडू आलं. मी लगेच मास्तरणीला सांगितलं. तिनं तुझी ओळ दोनदा वाचली. मग म्हणाली, "आई, त्याला सांगा, मनापासून आभार. पण तो अजून कागदोपत्री माझा नवरा आहे. घरचे पैसे दुसऱ्याच्या खात्यातून फिरवून आणले असं उद्या कुणीही म्हणेल. आणि खरंच तसं होईल." या निर्णयापुरती ती संस्थेच्या समितीतून बाजूला झाली आणि वकीलबाईंनी निर्णय दिला. नाही. पैसे उद्या तुला परत येतील. पावती ठेव.

रागावू नकोस. मामाला, कारखान्याला आणि तुला तिनं एकच माप लावलं. मी आयुष्यभर मापं घेतली, पण गिऱ्हाईक ओळखीचं निघालं की माझी टेप थोडी सैल पडते. हिची पडत नाही.

तू पाठवलेले घटस्फोटाचे कागदही मिळाले तिला. माझ्याच कापणीच्या टेबलावर बसून तिनं प्रत्येक पान वाचलं आणि सही केली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो हटवला नाही, एवढंच तुला सांगते. तिचं भाडं मात्र चालू राहील. मी विचारलं.

आई


२ ऑगस्ट

लेका,

ॲप सुरू झालं. समारंभ नाही, भाषण नाही. दवाखान्यातल्या तिच्या खोलीत एका ट्रकवाल्यानं पहिल्यांदा वापरलं. त्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. पहिलं वाक्य भरायला सांगितल्यावर त्यानं एवढी कचकचीत शिवी दिली की मास्तरीण हसत सुटली. म्हणाली, "हे तुमच्या खास पानावर ठेवू." तेव्हापासून ॲपमध्ये खास पान आहे. त्याला अजून प्रायोजक मिळालेला नाही.

आता दुसऱ्या गावांतल्या दवाखान्यांतूनही विचारणा येतेय. दर महिन्याला ती खर्च लिहून दाराबाहेर लावते. बाजारातले शेठ येतात, वाचतात, आपलं नाव फोनवर उघडून एकमेकांना दाखवतात. द्राक्षवाले शेठ म्हणे आता खरंच चहा करतात.

मी तिचं एवढं कौतुक लिहिते म्हणून तुला वाटत असेल, आई मध्यस्थी करतेय. नाही रे. तिच्यासाठी येऊ नकोस. ती तुझी वाट बघत नाही, आणि तिनं बघावी असं मला आता वाटतही नाही. तिचं चाललंय ते फार चांगलं चाललंय. आपल्या घरातून असं काहीतरी उभं राहिलं, आणि मला पायरीवर बसून ते बघायला मिळालं, एवढं मला पुष्कळ झालं.

वाट मी बघते. आणि अजून एकजण.

बाबांनी आपल्या आवाजात शेकडो वाक्यं भरून ठेवलीत. माझ्यासाठी, बाजारासाठी, डॉक्टरांना दटावण्यासाठी. मास्तरणीनं त्यांना विचारलं होतं, "बाबा, मुलासाठी काही भरून ठेवायचं का? शांतपणे बसू, मी बाहेर जाते." तेव्हा अजून बोलता येत होतं त्यांना. म्हणाले, "नको. त्याच्याशी फोनमधून बोललो तर तो फोनवरच राहील."

तेव्हा तुझ्यासाठी त्यांच्याकडे एकही वाक्य नाही. फोन करून ते मिळणार नाही, पैसे पाठवून तर मुळीच नाही.

हल्ली बेल वाजली की दार तेच उघडतात. मला मशीनवरून उठायला नको म्हणून. गळ्याला रुमाल असेल, त्याला घाबरू नकोस. बारीक झालेत, पण ताठ आहेत. ते तुझ्याकडे बघत उभे राहतील आणि काही बोलणार नाहीत. ते रागानं नाही, हे लक्षात ठेव. तू बोल. काय बोलायचं सुचलं नाही तर नुसतं "बाबा" म्हण.

घसा गेलाय त्यांचा. कान उत्तम आहेत.

आई